मुंबईच्या प्रसिद्ध वास्तूंवरून नकाशावाचन: प्रमाण, दिशा, जाळी (सहावी ते नववी)

रेषालेख

नकाशावाचन शिकवताना सीएसएमटी, गेटवे, राजाबाई टॉवर अशी ओळखीची ठिकाणं घेतली की वर्ग लगेच जागा होतो. धोकाही तिथेच आहे. मुलं नकाशाकडे न बघता आठवणीतून उत्तर देतात. ‘गेटवे कुठे आहे?’ ‘ताजसमोर!’ उत्तर बरोबर, पण नकाशा उघडलाच नाही. म्हणून प्रश्न असा हवा:

‘सीएसएमटीपासून गेटवे कोणत्या दिशेला आहे? सरळ रेषेत किती अंतरावर? रस्त्याने गेलं तर किती जास्त?’

हे मुंबईत लहानाचं मोठं झालेल्या मुलालाही तोंडपाठ नसतं. उत्तर छान निघतं. दोन्ही ठिकाणांचं रेखांश ७२.८३५° पू. च्या आसपास आहे, म्हणजे गेटवे जवळजवळ नेमकं दक्षिणेला. अक्षांश १८.९४०° आणि १८.९२२° उ., फरक ०.०१८°. आपल्या पट्ट्यात अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किमी, म्हणून अंतर साधारण २ किमी. नकाशावर पट्टीने मोजा, अक्षांशावरून काढा, दोन्ही जुळतात. वर्गात दाखवायला इतकी सरळ जोडी दुसरीकडे सहज सापडत नाही.

कागदाचं गणित असं. १:१०,००० प्रमाण, ए४ कागद उभा, नकाशाची चौकट १८ × २६ सेमी. यात १.८ × २.६ किमी मावतं. खालची कड गेटवेच्या थोडी दक्षिणेला ठेवली तर वर सीएसएमटी आरामात येतं, पूर्वेला एशियाटिकचा टाऊन हॉल, पश्चिमेला मरीन ड्राइव्हचा दक्षिण भाग. क्रॉफर्ड मार्केट थोडक्यात बाहेर राहतं, त्याला इलाज नाही. चौकटीवर २ सेमीची जाळी आखा: ९ उभे स्तंभ, १३ आडव्या ओळी, एक चौकोन २०० मीटरचा. स्तंभांना क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट. ओळींना खालून वर १ ते १३. चौकट जराशी सरकवून सीएसएमटी आणि गेटवे एकाच स्तंभात आणा, मग ‘एक दुसऱ्याच्या दक्षिणेला’ हे जाळीवरूनच दिसतं.

जाणकारांनी भर घालावी.

खाडीकाठ

उत्तम धागा, वाखूसा (वाचनखूण साठवली).

माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण प्रमाण नव्हे, दिशा आहे, आणि मुंबईत ती एका खास कारणाने येते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यात ‘समुद्र म्हणजे पश्चिम’ हे पक्कं बसलेलं असतं. राज्याच्या नकाशावर ते खरंच आहे. पण गेटवेसमोरचं पाणी पूर्वेला आहे. ते मुंबई बंदर, आणि त्यापलीकडे घारापुरी. गेटवेचं चित्र दाखवून ‘समुद्र कोणत्या दिशेला?’ विचारा, बहुतेक हात पश्चिम म्हणतील. मग तोच मुलगा नकाशा हातात घेऊन गेटवेवर उभा राहिला की पाण्याकडे पश्चिम धरतो आणि अख्खा कागद उलटा फिरवतो.

यावर व्याख्यान देऊ नका. तीन ठिकाणं द्या: मरीन ड्राइव्हचा कठडा, गेटवे, भाऊचा धक्का. प्रत्येक ठिकाणी उभं राहिल्यावर पाणी कोणत्या दिशेला आणि सूर्य उगवताना दिसेल की मावळताना, हे नकाशावरून लिहायला सांगा. मरीन ड्राइव्हला सूर्यास्त, बाकी दोन्हींकडे सूर्योदय.

वरच्या इयत्तांसाठी चौथं ठिकाण गिरगाव चौपाटी. तिथे किनारा वळतो, पाणी नैऋत्येला येतं. आणि नरिमन पॉइंटवरून समुद्रापलीकडे दिसणारं राजभवनाचं टोक वायव्येला आहे, म्हणजे ‘समुद्राच्या पलीकडे’ बघूनही आपण मुंबईच बघत असतो. उपसागराचा आकार मुलांना इथे कळतो.

माणदेशी

हे सगळं मुंबई-ठाण्याच्या शाळांना ठीक. ज्यांनी मुंबई फक्त टीव्हीवर पाहिली त्यांचं काय? आधी परिसर, मग तालुका, मग दूरचं, हा क्रम मोडू नये असं मला वाटतं.

रेषालेख

@माणदेशी, क्रम मोडायचा नाही, पहिली पायरी शाळाच. वर्गखोलीचा आराखडा १:५० ने (६ मीटरची भिंत १२ सेमी), मग मैदान १:२०० ने (२० मीटर म्हणजे १० सेमी). मोजपट्टी मुलांच्याच हातात. मुंबई त्यानंतर.

पण ज्यांनी मुंबई पाहिली नाही त्यांच्या बाबतीत एक फायदाच आहे: आठवण मध्ये येत नाही. त्यांना नकाशावरूनच सगळं काढावं लागतं. वास्तूंची छायाचित्रं फळ्याशेजारी लावा, खाली नाव नको, फक्त जाळीचा संदर्भ लिहा. नकाशात तो चौकोन शोधायचा आणि नाव मुलांनी लिहायचं.

उपग्रह

छपाईबद्दल कुणीच बोललं नाही, आणि बहुतेक नकाशे तिथेच बिघडतात.

ऑनलाइन नकाशाचा स्क्रीनशॉट काढून छापू नका. त्याला ठरावीक प्रमाण नसतं, पडद्यानुसार बदलतं. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती घेऊन क्यूजीआयएसमध्ये नकाशा करा, दोन्ही फुकट आहेत. कोपऱ्यात ‘© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ लिहायला विसरू नका, ती परवान्याची अट आहे.

१. प्रकल्पाची निर्देशांक पद्धत ईपीएसजी ३२६४३ ठेवा. हा यूटीएमचा (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा) ४३ उत्तर विभाग, ७२° ते ७८° पू. पार्श्वभूमीचा नकाशा टाकला की क्यूजीआयएस बऱ्याचदा वेब मर्केटर (ऑनलाइन नकाशांची पद्धत) म्हणजे ३८५७ धरतं. त्यात मुंबईच्या अक्षांशावर अंतरं साडेपाच-सहा टक्के फुगतात. म्हणजे १:१०,००० निवडूनही २ किमीसाठी कागदावर २० ऐवजी सुमारे २१.१ सेमी येतात. मुलं बरोबर मोजतात, उत्तर चुकतं, आणि दोष मुलांना.
२. लेआउटमध्ये नकाशाच्या चौकटीची मापं आकड्यांनी भरा (१८० × २६० मिमी), माऊसने ओढू नका. मग प्रमाण १०००० लिहा.
३. जाळीचं अंतर २०० मीटर. रेषा करड्या आणि बारीक.
४. रेषाप्रमाण (नकाशावर छापलेली मापाची रेघ) १ किमीचं, २०० मीटरच्या पाच भागांचं.
५. पीडीएफ करून छापताना ‘पानात बसवा’ बंद, ‘मूळ आकार’ किंवा १०० टक्के चालू. छापल्यावर १ किमीची रेषा पट्टीने मोजा. १० सेमी भरली पाहिजे. ९.६ भरली तर छपाईयंत्राने आकसवलंय.

झेरॉक्सवालाही कधीकधी ९५ टक्क्यांवर काढतो. म्हणून पहिली प्रत मोजून मगच बाकीच्या काढायला सांगा.

कावळा

अवांतर वाटेल, पण ही आकसलेली प्रत फेकू नका. आठवीला नकाशाप्रमाणाचा धडा आहेच. एका गटाला बरोबर प्रत, दुसऱ्याला आकसलेली. दोघांनी हुतात्मा चौक ते गेटवे अंतर आधी अंकप्रमाणावरून (१:१०,००० या आकड्यावरून) काढायचं, मग रेषाप्रमाणावरून. आकसलेल्या प्रतीत अंकप्रमाणाचं उत्तर चुकतं, रेषाप्रमाणाचं चुकत नाही, कारण ती रेषाही नकाशाबरोबरच आकसली. पुस्तकातलं ‘लहान-मोठं केल्यावर रेषाप्रमाण बदलत नाही’ हे वाक्य मग पाठ करावं लागत नाही.

सुतळी

रस्त्याचं अंतर मोजण्याबद्दल. दोरा वापरायचा असतो सगळ्यांनाच, पण लोकर आणि सुतळी ताणली जाते. शिवणाचा जाड दोरा घ्या. त्याहून बरी रीत म्हणजे कागदाची पट्टी: पट्टीची कड रस्त्याच्या पहिल्या सरळ तुकड्याला लावा, दोन्ही टोकांना खूण, वळणावर पेन्सिलचं टोक रोवून पट्टी फिरवा, पुढचा तुकडा. शेवटी सगळी लांबी रेषाप्रमाणावर ठेवा.

सीएसएमटी ते गेटवे तीन तुकडे सांगते:

सीएसएमटी ते हुतात्मा चौक, दादाभाई नौरोजी मार्गाने, सुमारे ९०० मीटर, दिशा दक्षिण आणि नैऋत्येच्या मधली. तिथून महात्मा गांधी मार्गाने काळा घोड्यावरून वस्तुसंग्रहालयापर्यंत सव्वासहाशेच्या आसपास, जवळजवळ दक्षिण. तिथून गेटवे पुढे पावणेसहाशे ते सहाशे, दक्षिण आणि आग्नेयेच्या मधली. सगळं मिळून सरळ रेषेपेक्षा फारसं जास्त नाही, कारण रस्ता आधी पश्चिमेकडे थोडासाच झुकतो आणि मग पूर्वेकडे परत येतो. प्रत्यक्ष चालताना चौक ओलांडणं, रस्त्याची बाजू बदलणं धरून सव्वादोन किमीपर्यंत जातं.

अचूकतेबद्दल: १:१०,००० वर एक मिमी म्हणजे १० मीटर. बोथट पेन्सिलचं टिंबच तेवढं असतं. उत्तरात २ मिमीची सूट द्या. ‘२११७ मीटर’ लिहिणाऱ्याला शाबासकी देण्याऐवजी इतकं बारीक मोजता येतं का, हे विचारा.

जुना_स्थलनिर्देशक

या सगळ्यात सर्व्हे ऑफ इंडियाचा स्थलदर्शक नकाशा यायला हवा. दक्षिण मुंबई जुन्या क्रमांकात ४७ बी/१३ वर येते, १९° च्या उत्तरेचा भाग ४७ ए/१६ वर. प्रमाण १:५०,०००. सीएसएमटी ते गेटवे तिथे फक्त ४ सेमी, आणि १ मिमी म्हणजे ५० मीटर. राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय वेगळे दाखवणं कठीण होतं. बृहत् प्रमाण आणि लघु प्रमाण यातला फरक शिकवायला दोन्ही नकाशे शेजारी ठेवून तोच चौकोन भर वर्गात शोधायला सांगा. ‘कोणता चांगला?’ हा प्रश्न नको, ‘कशासाठी कोणता?’ हा हवा.

समोच्चरेषांसाठी (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) मलबार हिल घ्या. २० मीटरच्या अंतराने तिथे एक-दोन रेषाच मिळतात. पण पायथ्याला चौपाटी आणि माथ्याला हँगिंग गार्डन असल्यामुळे चढ कुठून हे मुलांना पटकन कळतं. डोंगराचा खरा अभ्यास करायचा तर मात्र सह्याद्रीतलं पान घ्या, मुंबई त्यासाठी नाही.

शंकू

दिशा ठरवण्याबद्दल दोन सावधगिऱ्या.

‘दुपारी बाराला काठीची सावली उत्तरेला’ हे मुंबईत दोनदा चुकतं. एक, प्रमाणवेळ ८२.५° पू. ची, मुंबई ७२.८° वर. फरक ९.७ अंश, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सुमारे ३९ मिनिटं. स्थानिक मध्यान्ह सरासरी १२:३९ ला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्यात १२:५३ पर्यंत. दुसरं, १५-१६ मे ते २७ जुलैच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य मुंबईच्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते! शाळा नेमकी जूनमध्ये सुरू होते. हा प्रयोग त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारीत करा. डिसेंबरअखेर १ मीटर काठीची मध्यान्ह सावली सुमारे ९० सेमी भरते, रेघ ओढायला सोपी.

घड्याळ टाळायचं असेल तर समान सावलीची रीत: काठीभोवती वर्तुळ काढा, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकेल तिथे खूण, दुपारी परत टेकेल तिथे दुसरी. दोन्ही खुणांच्या मधल्या कोनाचा दुभाजक म्हणजे उत्तर-दक्षिण रेषा.

मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती आणि शहराने ती देशाची प्रमाणवेळ आल्यावरही बराच काळ सोडली नाही. राजाबाई टॉवरचं घड्याळ नकाशावर दाखवताना आठवीच्या ‘स्थानिक वेळ’ धड्याशी जोड सहज लागते.

खाडीकाठ

@शंकू, मग होकायंत्रच का नको? मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. शाळेच्या कामाला दुरुस्ती लागतच नाही.

शंकू

वापराच, फक्त लोखंडापासून लांब. फोर्टात पदपथाला लोखंडी कठडे आहेत, गाड्या उभ्या असतात, खिशातल्या फोनच्या कव्हरात चुंबक असतं. चार-पाच मीटर बाजूला होऊन दोन ठिकाणी वाचन घ्या. दोन्हींत पाच अंशांपेक्षा जास्त फरक आला तर जागा बदला. कुलाब्याच्या वेधशाळेची चुंबकीय मोजणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवली ती याच प्रकारच्या कारणाने, शहरात विजेच्या ट्राम येणार होत्या.

फोनमधलं होकायंत्र आधी हवेत इंग्रजी आठचा आकडा काढून जुळवून घ्यावं लागतं.

तिकीटघर

लोकलच्या डब्यातला स्थानकांचा नकाशा आणा. त्यात सगळी स्थानकं समान अंतरावर असतात. चर्चगेट ते मरीन लाइन्स किलोमीटरभर, भाईंदर ते नायगाव मध्ये वसईची खाडी आणि चार-साडेचार किमी, पण डब्यात दोन्ही बोटभर. मुलांना विचारा: यावरून अंतर मोजता येईल का? दिशा? आणि तरीही रोज लाखो लोकांचं काम यावर कसं भागतं? कारण त्यांना हवा असतो फक्त क्रम आणि गाडी बदलायची जागा.

मग चर्चगेट आणि सीएसएमटी यांचं सरळ अंतर विचारा. रेल्वेच्या नकाशावर दोन वेगळ्या मार्गांची दोन टोकं, म्हणून मुलांना फार लांब वाटतात. प्रत्यक्षात सुमारे एक किमी.

रेषालेख

@तिकीटघर, हे मूळ धाग्यात घेतो.

चिन्हांबद्दल माझं थोडं. पर्यटकांच्या नकाशात गेटवेचं, ताजचं मोठं चित्र असतं. ते चित्र नकाशावर दोन-तीनशे मीटर व्यापतं आणि वास्तू नेमकी कुठे हे हरवतं. मुलांनी चित्रचिन्ह काढायचं असेल तर ५ मिमीपेक्षा मोठं नको, आणि खाली मधोमध टिंब. अंतर टिंबापासून. सूचीत चिन्हाचा गट ठरवा: स्थानक, स्मारक, न्यायालय-शिक्षणसंस्था, मैदान, बंदर. प्रत्येक वास्तूला वेगळं चिन्ह दिलं तर सूची नकाशाएवढी होते.

नावं दोन-दोन. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, हुतात्मा चौक संयुक्त महाराष्ट्र लढ्यातल्या हुतात्म्यांच्या स्मारकामुळे. दोन्ही एकाच चौकात. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एकच. क्वीन्स रोड म्हणजे महर्षी कर्वे मार्ग. नव्या नावाने नकाशा द्या आणि जुन्या नावाने दिलेला पत्ता शोधायला सांगा. टॅक्सीवाला अजून जुनंच बोलतो. छपाईचं वर्षही बघायची सवय लावा: जानेवारी २०२४ च्या आधीच्या नकाशात अटल सेतू नाही.

ओव्हलची_कड

ओव्हल मैदान विसरलात. स्थान शोधण्याच्या सरावाला याहून सोपी जागा नाही. पूर्वेला कर्मवीर भाऊराव पाटील मार्गापलीकडे व्हिक्टोरियन रांग: उच्च न्यायालय, विद्यापीठ, ८५ मीटर उंच राजाबाई टॉवर. पश्चिमेला आर्ट डेको इमारती. २०१८ साली दोन्ही रांगा मिळून युनेस्कोच्या यादीत गेल्या. पश्चिमेची रांग आणि मरीन ड्राइव्ह बॅकबेच्या भरावावर आहेत, तेव्हा जुना नकाशा मिळाला तर किनारा कुठे होता ते वरून गिरवायला सांगा.

सराव असा: ‘मला राजाबाई टॉवर नेमका पूर्वेला दिसतो आणि एरॉस सिनेमा वायव्येला. मी कुठे?’ टॉवरपासून पश्चिमेकडे रेघ, एरॉसपासून आग्नेयेकडे रेघ, दोन्ही रेघा छेदतात ती तुमची जागा. इथे हमखास होणारी चूक: मुलं एरॉसपासून पुन्हा वायव्येकडेच रेघ काढतात आणि समुद्रात पोचतात. दिशा उलटवणं म्हणजे अंशात १८० मिळवणं किंवा वजा करणं, हे मैदानात दोन मुलांना समोरासमोर उभं करून करा. दोन रेघांत फार लहान कोन असेल तर छेद पसरट येतो, म्हणून खुणा ४५ ते १३५ अंशांच्या फरकाने निवडा.

माणदेशी

हे आमच्या मैदानावर ध्वजस्तंभ आणि पाण्याची टाकी धरून होईल. पटलं.

प्रत्यक्ष सहल नेणाऱ्यांनी वेळ-गटाचंही लिहा.

सुतळी

रविवारी सकाळी सात ते दहा. कचेऱ्या बंद, फोर्ट रिकामं, पदपथ मोकळे. पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस. प्रत्येक गटाला नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून, प्लास्टिकची पिशवी वर. सुटा कागद वाऱ्यात फडफडला की कुणी वाचत नाही.

पहिला थांबा सीएसएमटीची दर्शनी बाजू. ती पश्चिमेकडे तोंड करून आहे. इमारतीकडे पाठ करून उभं राहिलं की तोंड पश्चिमेला, डावा हात दक्षिणेला. नकाशाची वरची कड उजव्या हाताकडे वळवायची. नकाशा फिरवला म्हणून अक्षरं आडवी झाली की मुलं तो परत सरळ करतात; दर वळणावर ‘नकाशा लावा’ म्हणावं लागतं.

पावलांनी मोजायचं असेल तर आधी शाळेत १०० मीटरवर प्रत्येकाची पावलं मोजून ठेवा. आठवीच्या मुलाची दीडशेच्या आसपास येतात. गर्दीत पाऊल आखूड पडतं, म्हणून हे काम ओव्हलच्या बाजूने करा, नौरोजी मार्गावर नको.

फोनवरचं ठिकाण उंच इमारतींमध्ये बरंच सरकतं, कधी शेजारच्या गल्लीत दाखवतं. कागदावरचा अंदाज आधी लिहून घ्या, फोन नंतर.

जुना_स्थलनिर्देशक

एक गोंधळ राहिलाच. अक्षांश-रेखांश लिहिताना आधी उत्तरेचा आकडा, मग पूर्वेचा. जाळीचा संदर्भ देताना उलट: आधी आडवं सरकायचं, मग वर. दोन्ही एकाच आठवड्यात शिकवू नका. जाळी सहावीला पक्की करा, अक्षांशावरून अंतर काढणं आठवीला. रेखांशावरून अंतर काढायचं झालं तर १११ धरू नका, मुंबईच्या अक्षांशावर एक अंश रेखांश सुमारे १०५.३ किमी.

रेषालेख

चाचणीसाठी वर आलेल्यातून पाच प्रश्न निवडले आहेत, गुण कंसात.

‘झ’ स्तंभात कोणत्या वास्तू आहेत त्या उत्तरेकडून दक्षिणेकडे लिहा (२). हुतात्मा चौक ते चर्चगेट स्थानक सरळ अंतर, रेषाप्रमाणावरून (२, दोन मिमीची सूट). गेटवेवर सकाळी सातला उन्हाकडे तोंड केलं तर राजाबाई टॉवर समोर, मागे, डावीकडे की उजवीकडे, कारणासह (३). टॉवर आणि एरॉसवरून स्थान (४). शेवटचा: सीएसएमटी ते गेटवे असा मार्ग शब्दांत लिहा, फक्त दिशा आणि अंतर वापरून, एकाही वास्तूचं किंवा रस्त्याचं नाव न घेता (४). शेजाऱ्याने तो वाचून नकाशावर रेघ ओढायची. रेघ गेटवेपासून एका चौकोनाच्या आत पोचली तर पूर्ण गुण.

तिसऱ्यात फक्त ‘मागे’ लिहिलं आणि डावी-उजवी बाजू सोडली तर २ द्या. टॉवर तिथून वायव्येला आहे. पूर्वेला तोंड असताना मागे आणि डावीकडे.